नौपाड्यातील क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा अभ्यासवर्ग : अभिप्राय

ठाण्यात नौपाड्यातील एका संस्थेने दर रविवारी सकाळी भरवलेला क्वांटम गुरुत्वाकर्षणावरील, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि सूक्ष्म कणांचे क्वांटम नियम यांचा मेळ घालू पाहणाऱ्या सिद्धान्तांवरील, अभ्यासवर्ग नुकताच संपला. या विषयावरची व्याख्याने बहुधा स्ट्रिंग सिद्धान्ताच्या (कण म्हणजे कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू, असे मानणाऱ्या) जादा मितींतच रमतात. येथे मात्र प्रत्येक सिद्धान्तापुढे पहिला प्रश्न ठेवला गेला तो असा, की हा खोटा ठरवायचा तर नेमके काय मोजावे लागेल?

सर्वांत रंगले ते २००९ च्या एका गॅमा किरण स्फोटावरचे, म्हणजे दूरच्या अवकाशातून आलेल्या अति-ऊर्जावान प्रकाशाच्या झोतावरचे, सत्र. अवकाशकाल अतिसूक्ष्म पातळीवर कणीदार असेल, तर जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित वेगळ्या वेगाने धावेल, असे काही प्रारूपे सांगत होती. फर्मी या अवकाश दुर्बिणीने टिपलेला ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा, फोटॉन (प्रकाशकण) मात्र ७ अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक प्रवास करूनही स्फोट सुरू झाल्यापासून सेकंदाच्या आत पोहोचला. वक्त्यांनी आलेखाच्या छापील प्रती वाटल्या, त्यातल्या या फोटॉनच्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवायला लावले आणि वेगातील फरक फार तर किती असू शकतो, याचा हिशेब फळ्यावर करून दाखवला. वेगबदल सांगणाऱ्या सरळ प्रारूपांची पंचाईत तिथेच उघड झाली. शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांचे नाव निघताच टाळ्या पडल्या (ठाणेकरांचे हे ठरलेलेच). पण त्यांच्या १९८६ च्या मांडणीतून वाढलेल्या लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणातून (अवकाशच सूक्ष्म तुकड्यांचे बनले आहे, असे मानणाऱ्या सिद्धान्तातून) असा वेगबदल निघतोच असे नाही, म्हणून या निरीक्षणाने तो सिद्धान्त बाद होत नाही आणि सिद्धही होत नाही, हे वक्त्यांनी टाळ्या ओसरण्याआधीच बजावले.

जिनिव्हाजवळच्या महात्वरकात (कणांची टक्कर घडवणाऱ्या एलएचसी यंत्रात) स्ट्रिंग सिद्धान्ताशी जोडलेले अतिसममित कण, म्हणजे ज्ञात कणांचे कल्पिलेले जोडीदार, अपेक्षेप्रमाणे सापडले नाहीत, हा भाग थोडक्यात आटोपला, ते योग्यच झाले.

तक्रार आहे ती शेवटच्या सत्राबद्दल. व्हिएन्नातील संशोधकांनी २०२१ मध्ये सुमारे ९० मिलिग्रॅमच्या, मंगळसूत्रातील मण्याएवढ्या दोन सुवर्णगोलांमधील आकर्षण मोजले. उलट गुरुत्वाकर्षणामुळे दोन वस्तूंत क्वांटम गुंतागुंत (दोघींच्या अवस्था एकमेकींशी बांधल्या जाणे) निर्माण होते का, हे तपासण्याच्या २०१७ च्या एका प्रस्तावात मिलिग्रॅमच्या जेमतेम दहा कोटीव्या भागाएवढे वस्तुमान एकाच वेळी दोन ठिकाणी असलेल्या स्थितीत टिकवावे लागते. आकर्षण मोजण्याइतकी जड वस्तू आणि क्वांटम स्थितीत टिकवण्याइतकी हलकी वस्तू, या दोन टोकांमधले अंतर कसे कापणार, हाच आजचा खरा प्रश्न असताना तो घाईघाईत उरकला गेला. बारावीचे भौतिकशास्त्र आठवणाऱ्या कोणालाही हा वर्ग झेपेल. पुढच्या तुकडीत मात्र या प्रयोगांना एक पूर्ण रविवार द्यावा.