स्वमग्न प्रौढांसाठीचं दिवसकेंद्र, सांगली : काम चोख, पण ते वाढदिवस आवरा

अठरा पूर्ण झाली की बहुतेक विशेष शाळांचं दार बंद होतं आणि घरच्यांची धावपळ सुरू होते. त्यामुळे स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, प्रौढांना दिवसभर काम देणारं केंद्र सापडलं की लोक फार चौकशी न करता नाव घालून मोकळे होतात. या केंद्राचं नाव इथे देत नाही. खाली जे पाहिलंय ते कुठल्याही केंद्रात पाहता येईल. कसोटी एकच: इथे येणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर पुढे काय होतं?

कामाच्या खोलीत याचं उत्तर चांगलं मिळतं. काम सांगलीचंच, बेदाणा आणि हळद. बेदाण्याच्या काड्या निवडायच्या, २५० ग्रॅम तोलायचे, पाकिटाचं तोंड सीलिंग मशीनवर दाबायचं, लेबल लावायचं. प्रत्येक टेबलावर डावीकडे कच्चा माल, उजवीकडे रिकामा क्रेट. क्रेट भरला की काम संपलं. किती करायचं हे डोळ्यांना दिसतं, म्हणून ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत कुणाच्या मागे लागावं लागत नाही. काट्याशेजारच्या कार्डावर लिहिलंय: २५०च्या खाली चालणार नाही, २५३पर्यंत चालेल. ही मोकळीक लिहून दिली नाही तर काहीजण नेमका २५० आकडा येईपर्यंत एकेक बेदाणा घालत-काढत बसतात, आणि देखरेख करणारे त्याला हट्टीपणा म्हणतात. खोट सूचनेत असते. इथे ते कुणाच्या तरी लक्षात आलंय, त्याला दाद द्यायला हवी.

हळदीचं वेगळं. पूड उडते, वास डोक्यात जातो, बोटं पिवळी होतात. ज्यांना हे सोसत नाही त्यांना पुठ्ठ्याचे खोके घडवायचं काम मिळतं, आणि मजुरी तेवढीच. काम बदललं म्हणून पैसे कापले असते तर ‘नको’ म्हणायची मुभा नुसती कागदावर राहिली असती.

न बोलणाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याला तीन चित्रकार्डं असतात: नको, थांबा, बाहेर जायचंय. कार्ड दाखवलं की जुने कर्मचारी हातातलं काम थांबवतात. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजून वाट पाहतात आणि मधेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत नाहीत. तसं केलं की समोरच्याला पहिल्यापासून विचार करावा लागतो आणि उत्तर आणखी लांबतं. हात झटकणं, डोलणं, कुणी अडवत नाही. नव्या कर्मचाऱ्यांना मात्र शिकवायला हवं. तिशी ओलांडलेल्या, मिशीवाल्या गृहस्थांना ‘बाळा, इकडे ये’ म्हणणारे दोघे तिथे आहेत, आणि जेवताना माणूस समोर बसलेला असताना ‘यांना भाजी चालते का?’ असं त्याच्या आईला विचारणारेही.

शांत खोली आहे, पण कुलूपबंद. किल्ली व्यवस्थापकांकडे. डोकं भणाणून गेलेल्या माणसाने आधी किल्लीवाल्याला शोधायचं, मग कारण सांगायचं, तोवर वेळ निघून गेलेली असते. मग आरडाओरडा होतो, चारजण भोवती जमतात, कुणीतरी दंड धरतं आणि वहीत ‘आक्रमक’ अशी नोंद पडते. कुलूप काढा. दिवे मात्र बदललेत: जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकायच्या, बऱ्याच जणांना त्याने त्रास व्हायचा.

आता वाढदिवस, म्हणजे दात्यांच्या घरचे. दाते घरच्यांना घेऊन येतात, केक आणतात, भडंगाची पाकिटं वाटतात. काम अर्ध्यावर थांबतं, खुर्च्या फिरतात, अनोळखी वीस माणसं टाळ्या पिटत गाणं म्हणतात, मग सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो. संध्याकाळी तो फोटो दात्याच्या स्टेटसला. फोटोतल्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्या वतीने पालकांनी प्रवेशाच्या वेळीच एका कागदावर सही केलेली असते. ज्या केंद्रात बेदाण्याला ‘नको’ म्हणता येतं, तिथे केकला म्हणता येत नाही. देणगीशिवाय केंद्र चालत नाही हे खरं. मग दात्याला ऑफिसात चहा द्या, पावती द्या, हवं तर तयार मालाचे फोटो द्या. कुणाला भेटायचं असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर चित्र लावा, आणि ज्यांना यायचंय तेच येतील.

पैशांचंही असंच. मजुरी पाकिटात घालून पालकांच्या हातात दिली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क इतरांइतकाच आहे. स्वतःच्या खात्यात जमा करा, पासबुक दाखवा. प्रवेशासाठी सरसकट कायदेशीर पालकत्वाचा दाखला मागतात, तेही चूक. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असा कायदेशीर पालक नेमते, पण गरज असेल तिथे. प्रत्येक स्वमग्न प्रौढाला असा पालक हवाच असं नाही.

पाचापैकी साडेतीन. कामाच्या खोलीला पूर्ण पाच द्यायला हरकत नव्हती.

नाव घालायचं असेल तर ज्याचं नाव घालायचंय त्यालाच घेऊन सकाळी अकराला जा. तेव्हा मशीनं चालू असतात, हळद उघडी असते, खरा आवाज आणि वास कळतो. दुपारी दोननंतर तिथे सगळं शांत असतं, ते बघून ठरवू नका. पहिला आठवडा अर्धाच दिवस मागून घ्या, देतात. आणि गणपतीत डॉल्बीच्या दिवसांत केंद्र किती वाजता सोडणार, हे आधीच लेखी विचारून ठेवा.