बाहेरून गुन्हेगारीशास्त्र की बेळगावात राहून एलएलबी?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. बाहेरून, म्हणजे दूरशिक्षणाने, एलएलबी करून वकिलीची सनद मिळत नाही. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलचे २००८ चे नियम नियमित वर्ग आणि हजेरी मागतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानेही (यूजीसी) कायद्याची पदवी दूरशिक्षणात देऊ नये असं ठरवलेलं आहे. ‘तुम्ही फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो’ असं सांगणारा कुणी भेटलाच, तर त्याचा चहा प्यावा आणि घरी यावं.

मग बाहेरून काय करता येतं? पदविका आणि प्रमाणपत्रं. त्यात विचार करण्यासारखी पहिली म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची (इग्नू) फौजदारी न्यायातली पदव्युत्तर पदविका. कुठल्याही शाखेची पदवी चालते. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोन प्रवेश, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा, आणि गुणांचा काही वाटा घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना. निपाणीत तंबाखूच्या वखारीवर हिशेब लिहिणाऱ्याला किंवा खानापूरच्या शिक्षिकेला झेपेल असं हे गणित आहे. पदवी नसेल आणि बारावी झाली असेल, तर इग्नूचीच पॅरालीगलची, म्हणजे वकील नसताना कायद्याच्या कामात मदत करणाऱ्याची, पदविका आहे. अर्ज, फिर्याद, जामीन, मोफत विधी सहाय्य या रोजच्या कामांशी तिचा संबंध जास्त. माझं मत विचाराल तर गावात ग्रामपंचायत, बचत गट, सोसायटी यांत वावरणाऱ्याला पदव्युत्तर पदविकेपेक्षा हीच उपयोगी पडेल.

दुसरा पर्याय बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा. सायबर कायदा, बालहक्क, मानवी हक्क अशा विषयांत एकेका वर्षाच्या पदविका आहेत. नाव मोठं, शुल्कही इग्नूपेक्षा बरंच जास्त, आणि इंग्रजी कसदार लागतं. बँकेत किंवा कंपनीत आधीच नोकरी असलेल्याने पगारवाढीसाठी हा विचार करावा. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाने कर्ज काढून करावा असा तो नाही.

आता समोरासमोर ठेवू. गुन्हेगारीशास्त्र खरोखर शिकायचं असेल, म्हणजे ठसे, विषं, प्रयोगशाळा, कैद्यांच्या मुलाखती हे सगळं, तर बाहेरून होणार नाही. त्यासाठी धारवाड आहे. कर्नाटक विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायवैद्यकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, शिवाय राष्ट्रीय न्यायवैद्यकशास्त्र विद्यापीठाचं केंद्रही तिथेच आलं आहे. बेळगावहून अंतर साधारण पाऊणशे किलोमीटर. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे बेळगाव-धारवाड ये-जा करणाऱ्या मुलीचा प्रवासखर्च जवळजवळ शून्यावर येतो. घरातल्या मुलीला ‘तू बाहेरूनच कर’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

सनदच हवी असेल तर बेळगावातच १९३९ पासूनचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. पदवीनंतर तीन वर्षं किंवा बारावीनंतर पाच. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत सर्वसाधारण गटासाठी किमान ४५ टक्के लागतात. निपाणी, चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. त्यांनी तिकडचाही विचार करावा, आणि महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांना व्यावसायिक प्रवेशात सवलती आहेत, त्या प्रवेशपुस्तिकेत नीट वाचाव्यात. सनद कुठल्याही राज्यातून घेतली तरी वकिली देशभर करता येते, तेव्हा बेळगावात शिकून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातल्या नव्या सर्किट बेंचसमोर उभं राहायलाही आडकाठी नाही.

एक गोम मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बारावी न करता, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. झालेल्यांना बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएलबीला प्रवेश नाही. बारावी करून मग बाहेरून बी.ए. केलं असेल तर अडचण नाही. म्हणून पुढे वकिलीचा जरा जरी विचार असेल, तर आधी बारावी उरकून घ्यावी.

खरा तिढा भाषेचा आहे. आपल्याकडे शाळा मराठीत, पदविकेची पुस्तकं इंग्रजीत आणि पोलीस ठाण्यातली फिर्याद कन्नडमध्ये. मराठीतून बाहेरून शिकायचं म्हटलं की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आठवतं, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाची केंद्रं त्या राज्याबाहेर चालत नाहीत. केंद्र आणि परीक्षा दोन्ही सीमेपलीकडे पडतात. मराठीच्या अभिमानावर माझी तडजोड नाही, तरीही बेळगावच्या तालुका कोर्टात काम करायचं तर कन्नड वाचता आलं पाहिजे, हे स्पष्टच सांगतो. दोषारोपपत्र वाचून दाखवायला दरवेळी दुसऱ्याला शोधणारा पदविकाधारक पक्षकाराच्या काय कामाचा? पदविकेच्या वर्षातच रोज अर्धा तास कन्नड कागद वाचायची सवय लावली तर निम्मं काम होतं.

पोलीस भरतीसाठी म्हणून फौजदारी न्यायाची पदविका करणारेही आहेत. उपनिरीक्षकाच्या परीक्षेला पदवी लागते, गुन्हेगारीशास्त्राची पदविका लागत नाही. अभ्यासाला मदत होईल, तेवढंच.

प्रमाणपत्राची गरज नसून फक्त लोकांच्या उपयोगी पडायचं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा. प्रशिक्षण तेच देतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे आपल्या खेड्यांत अजून कितीतरी घरांना माहीत नाही.

दूरशिक्षणाला जायचं नक्की झालं की दोन गोष्टी तपासाव्यात. विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का? म्हैसूरच्या राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१३-१४ पासून थांबली होती, ती २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या काळातल्या विद्यार्थ्यांची जी फरफट झाली ती कर्नाटकात सगळ्यांना ठाऊक आहे. आता प्रवेशासाठी डेब-आयडी, म्हणजे यूजीसीच्या याच विभागाचा ओळखक्रमांकही काढावा लागतो.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेने चालतात, त्यामुळे दोन्ही यायला हवं. इग्नूचं बरंचसं साहित्य ई-ज्ञानकोश या तिच्याच संकेतस्थळावर फुकट आहे. फी भरण्याआधी तिथे जाऊन फौजदारी न्यायाचा एखादा पाठ उघडा आणि त्यात कलमं कुठली दिली आहेत ते पाहा. फक्त जुनीच असतील तर नव्या संहितेची प्रत बाजूला ठेवूनच अभ्यासाला बसावं लागेल.