सहा पेडल, दोन प्लग: बॉस बीसीबी-६० सोबत तीन वर्षं

मी कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपतीत रोज एक गाव, दिवाळीनंतर लग्नसराई आणि चैत्र लागला की यात्रा. संध्याकाळी सहाला टेम्पो गावात पोचतो. मंडपवाल्याचं काम तेव्हा अर्ध्यावर असतं आणि साऊंडवाल्याच्या वायरी अजून जमिनीवर असतात. आम्हा वाजवणाऱ्यांच्या वाट्याला सेटअपसाठी दहा-पंधरा मिनिटं येतात. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेस, मी, सगळ्यांना प्लग हवा असतो आणि स्टेजवर एक्स्टेन्शन दोनच.

माझ्याकडे सहा पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी यंत्रं आहेत: ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह (थोडक्यात ड्राइव्ह), कोरस, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब. ऑर्केस्ट्रात यातलं एकही चैनीचं नाही. जुन्या गाण्यांच्या इंट्रोला कोरसशिवाय तो ओला आवाज येत नाही. नव्या गाण्यात अचानक ड्राइव्ह लागतो आणि संथ गाण्यात डिले नसेल तर गिटार कोरडी पडते. पूर्वी हे सगळं मी एका पिशवीतून न्यायचो. सहा पेडल आणि सहा अ‍ॅडॉप्टर काढायचे, सोडवायचे, जोडायचे. शेवटचा जॅक बसेपर्यंत निवेदक माइकवर आलेला असायचा.

म्हणून वीज आतच असलेला पेडलबोर्ड, म्हणजे सगळी पेडल एकत्र बसवायचा पाट किंवा पेटी, घ्यायचं ठरवलं. बजेट दहा हजार. आज मी बॉस कंपनीचा बीसीबी-६० वापरतो आणि त्यावर समाधानी आहे. पण तिथे पोचण्याआधी एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण या किमतीत बोर्ड घेणारे बहुतेक जण तीच करतात.

पहिला बोर्ड मी दिसण्यावरून घेतला. काळा, अ‍ॅल्युमिनियमचा, तिरक्या पट्ट्यांचा, खाली पॉवर सप्लाय चिकटवलेला. नाव सांगत नाही. खोक्यावर ‘प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड’, म्हणजे प्रत्येक पेडलची वीज आतून वेगळी, असं लिहिलं होतं. घरी लहान अ‍ॅम्पवर सगळं गोड वाजलं. पहिला कार्यक्रम निपाणीजवळच्या एका गावात होता. ड्राइव्ह दाबला, त्यावर डिले चालू केला आणि स्पीकरमधून डास कानाशी यावा तशी बारीक शिट्टी सुरू झाली. गाणं थांबलं की ती जास्तच ऐकू यायची. साऊंडवाले दादा दोनदा माझ्याकडे बघून गेले. तिसऱ्या गाण्याला आमचे कीबोर्डवाले आप्पा म्हणाले, “भावा, ते डिले काढ, नायतर मी कीबोर्ड काढतो.” मी डिले बंद करूनच उरलेला कार्यक्रम वाजवला.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी मल्टिमीटर घेऊन आला. सप्लाय भिंतीपासून काढून ठेवला, मीटर बीपवर लावला आणि दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या मधल्या पिनांना दोन टोकं टेकवली. टूँऽऽ. तिसऱ्याला लावलं तरी टूँ. म्हणजे आठही आउटपुटचं ऋण टोक आतून एकच. खोक्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी आत एकाच अ‍ॅडॉप्टरला आठ तोंडं फोडली होती. विकणाऱ्याने परत घेतला नाही. ‘आवाज येतो’ ही त्याच्या लेखी तक्रारच नव्हती.

ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ‘आयसोलेटेड’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर दुकानातच ती करा. बीप वाजली तर ते साधं वाटप आहे. वाटप वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण त्याचे पैसे वाटपाचेच द्यावेत.

फरक कसा पडतो ते चाळीच्या पाण्यावरून समजतं. एका टाकीवरून सात बिऱ्हाडांना नळ गेलेले असतात. सगळे साधेपणाने पाणी भरतात तोवर भांडण नाही. एकाने नळाला मोटर लावली की बाकीच्यांचे नळ खडखडायला लागतात. डिले आणि रिव्हर्ब ही डिजिटल पेडल म्हणजे मोटरवाली बिऱ्हाडं. त्यांच्या आतल्या घड्याळाची कुरकुर सामाईक वायरीतून बाहेर येते आणि ड्राइव्हसारखं आवाज वाढवणारं पेडल ती उचलून मोठी करतं. खऱ्या आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी वेगळी असते. व्हूडू लॅबचा पेडल पॉवर २ प्लस हे त्याचं नावाजलेलं उदाहरण, आठ आउटपुट आणि आठही खरोखर वेगळी. पण तो एकटाच माझ्या बजेटच्या पलीकडे होता आणि वर बोर्ड घ्यायचा तो वेगळाच.

शिट्टी नक्की सप्लायचीच आहे का, हे बघायलाही सोपा उपाय आहे. संशयित पेडलची वायर काढा आणि आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला. शिट्टी गेली तर दोष सप्लायचा. राहिली तर केबल, गिटारचे पिकअप किंवा स्टेजची वीज तपासा.

यानंतर मी दोनच बोर्ड बघितले. एक बेहरिंगरचा पीबी-६००. माझ्या एका विद्यार्थ्याने घेतला होता, तो आठवडाभर वापरायला आणला. प्लास्टिकची पेटी, सहा पेडलची जागा आणि सोबत ९ व्होल्ट १.७ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. उचलायला इतका हलका की कॉलेजची मुलं तो सहज बसमध्ये नेतात. कमी पैशात सुरुवात करायची तर मी आजही विद्यार्थ्यांना तोच सुचवतो. पण माझी पेटी टेम्पोत स्पीकरच्या खाली जाते आणि मला सातव्या पेडलची जागा हवी होती.

दुसरा हा बीसीबी-६०. पुण्यात एकाने गिटार सोडली, त्याच्याकडून साडेसहा हजारांत घेतला. सात छोटी पेडल मावतात, वर कडीचं झाकण आहे, आत वीज वाटायचा खोका आहे आणि सातही पेडलना वायरी आहेत. हा सप्लाय आयसोलेटेड नाही आणि कंपनी तसं म्हणतही नाही. सगळ्यांना समांतर ९ व्होल्ट, एवढंच. हे समजून घेतला म्हणून माझी फसगत झाली नाही. पहिल्या दिवसापासून डिले मी त्याच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर ठेवला आहे, बाकी पाच बोर्डवर. म्हणजे स्टेजवर मला प्लग लागतात दोन. पूर्वी सहा लागायचे. मोटरवालं एक बिऱ्हाड वेगळं झालं की चाळ शांत राहते. तीन वर्षांत ड्राइव्ह आणि डिले एकत्र वाजवताना ती डासाची शिट्टी मला ऐकू आलेली नाही.

अँपिअरच्या आकड्यांनी बरेच जण घाबरतात, म्हणून माझा हिशेब देतो. कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि कोरस मिळून ४० मिलिअँपिअरच्या आत खातात. बॉसचा टीयू-३ ट्यूनर साध्या उजेडात ३० आणि भर उन्हात दिसावा म्हणून प्रकाश वाढवला तर ८५. डीडी-७ डिले ५५, आरव्ही-६ रिव्हर्ब ९५. सगळं सगळ्यात वाईट धरलं तरी २७५ च्या आसपास, आणि डिले तर वेगळाच. अर्ध्या अँपिअरचा अ‍ॅडॉप्टरही या सहाजणांना पुरून उरतो. ज्यांच्याकडे स्ट्रायमनच्या बिगस्कायसारखं एकटंच ३०० मिलिअँपिअर मागणारं पेडल आहे, त्यांनी मात्र बेरीज करूनच बोर्ड घ्यावा. बाकी लहान बोर्डवर आकड्यापेक्षा वाटप महत्त्वाचं.

आता यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. बीसीबी-६० मध्ये पेडल वेल्क्रोने चिकटवत नाहीत. आत फोमचे ठोकळे आहेत. ते कटरने कापायचे आणि पेडलच्या भोवती पाचर मारल्यासारखे बसवायचे. जत, मंगळवेढा भागात मे महिन्यात कार्यक्रम केलेल्या माणसालाच याची किंमत कळेल. टेम्पो दुपारभर उन्हात उभा असतो. जुन्या बोर्डवर वेल्क्रोचा गोंद वितळून पेडल खाली सरकलेली असायची, पाठीला काळा चिकट थर. तो रॉकेलने पुसला की पेडलच्या पाठीवरचं लेबलही जायचं. फोममध्ये तो त्रासच नाही. पेडल उचललं की स्वच्छ निघतं, ठेवलं की जागेवर बसतं.

मापाचाही मेळ बसतो. बॉसचं छोटं पेडल ७३ मिमी रुंद आणि १२९ मिमी लांब. सात शेजारी शेजारी ठेवली तर अर्ध्या मीटरच्या वर जातात, शिवाय जॅक बाजूने लागतात, म्हणून मध्ये फट लागते. ही पेटी तेवढी रुंद आहे. चपट्या तोंडाच्या पॅच केबल (दोन पेडल जोडणाऱ्या आखूड केबल) वापरा, नाहीतर सातवं पेडल बसणार नाही. ‘वा-वा’ आवाज काढणारं लांबट वा पेडल ठेवणार असाल तर दोन पेडलची जागा धरूनच चाला. ज्यांची पेडल निरनिराळ्या कंपन्यांची, आडवी-उभी, वरून जॅक असलेली आहेत, त्यांना पट्ट्यांचा उघडा बोर्ड जास्त सोयीचा पडेल. आणि दुचाकीवर मागे एकट्याने न्यायची ही वस्तू नव्हे, आकार मोठा आहे.

एक गंमत आमच्या तालमीत कळली. मित्राकडे बॉसचा जुना सीई-२ कोरस आहे, १९७९ साली बाजारात आलेलं मॉडेल. त्याच्या विजेच्या भोकाशी एसीए लिहिलंय, नव्या पेडलवर पीएसए असतं; ही कोणता पुरवठा लावायचा त्याची बॉसची नावं. नव्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर तो एकटा लावला की लाल दिवा मंद आणि आवाज मेलेला. माझ्या बोर्डवर इतर पेडलसोबत लावला आणि दिवा ठणठणीत पेटला. कारण जुन्या एसीए पेडलमध्ये ऋण वाटेवर अडथळा ठेवलेला असतो, तो जास्त व्होल्टच्या जुन्या अ‍ॅडॉप्टरसाठी. इतर पेडलची ऋण वायर पॅच केबलमधून त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा तो अडथळा बाजूला पडतो. म्हणजे जिथे महाग आयसोलेटेड सप्लायचं साधं ९ व्होल्टचं आउटपुट या जुन्या पेडलला उपाशी ठेवतं, तिथे हे साधं समांतर वाटप त्याला पोटभर देतं. जुनी एसीए पेडल जपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलट बाजूही सांगतो. धन टोक जमिनीला जोडलेले जर्मेनियमचे जुने फझ (आवाज खरखरीत करणारी पेडल) या बोर्डवर कधीही इतरांसोबत लावू नका. नेहमीच्या पेडलमध्ये मधली पिन ऋण असते. या फझमध्ये जमीन उलटी असल्यामुळे केबल जोडताक्षणी थेट शॉर्ट होतं. तसा फझ बॅटरीवरच चालवावा.

अ‍ॅडॉप्टर जुना घेणार असाल किंवा परदेशातून कुणी आणणार असेल तर आधी त्याची पाठ वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट. ओळखीच्या एकाला अमेरिकेहून बहिणीने तसाच एक भेट पाठवला, लेबलवर १२० व्होल्ट होतं. प्लगला आकार बदलणारं टोपण लावून त्याने भिंतीत घातला, दोन सेकंदांत जळका वास आला आणि संपलं. ‘१००-२४० व्होल्ट’ किंवा ‘२३० व्होल्ट’ असं लिहिलेलं असेल तरच बिनधास्त लावा.

स्टेजच्या विजेबद्दल थोडं, कारण चांगला बोर्डही वाईट विजेवर गुणगुणतो. माझी वायर मी साऊंडच्या लाइनवर घेतो, लाइटच्या लाइनवर कधीच नाही. डिमरवर लाइट खाली-वर झाले की घरघर येते आणि तिचा दोष लोक गिटारला देतात. जनरेटर असेल तर अर्थिंगची खुंटी ठोकली आहे का ते बघतो, उन्हाळ्यात तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायला सांगतो. ही गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापलेली मी दोन ठिकाणी पाहिली. गिटारची तार हातात आणि माइक ओठाला, अशा वेळी ती पिन जिवाची असते. पिन तोडू नका, पेडल वेगळं करून बघा.

आता माझा सेटअप तीन मिनिटांत होतो. झाकण उघडतो, दोन प्लग घालतो, गिटारचा जॅक एका टोकाला, अ‍ॅम्पचा दुसऱ्या. ट्यूनर लागला की आप्पांना मान हलवतो. उरलेल्या वेळात तारा पुसून होतात आणि चहाही मिळतो.

फोम कापताना एक काळजी घ्या. आधी पेडल मांडून, जॅक लावून, पायाने दाबून बघा, मगच कटर चालवा, आणि कापलेले तुकडे फेकू नका. माझे मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवले आहेत. परवा माझा रिव्हर्ब एका कार्यक्रमासाठी उधार गेला तेव्हा विद्यार्थ्याचं चिंचोळं पेडल त्या जागी ठेवलं. ते हलत होतं. पिशवीतला दोन बोटं रुंदीचा तुकडा बाजूला खोचला, पेडल घट्ट बसलं आणि रात्री पावणेबारापर्यंत जागचं हललं नाही.