जुनी पेट्रोल गाडी ई-२०साठी बदलून घेतली : वर्षभर वापरल्यानंतर

गाडी २०१२ची, बीएस-४ हॅचबॅक. रोज डिचोली ते पणजी, आणि अधूनमधून चोर्ला घाट चढून बेळगाव. पंपावर आता ई-२०च (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते, त्यामुळे प्रश्न बदल करायचा की नाही हा नव्हताच. कुठे पैसे घालायचे एवढाच होता.

आधी त्या डब्याविषयी. 'इथेनॉल कन्व्हर्जन किट' म्हणून विकला जाणारा डबा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारी तोटी, जास्त वेळ उघडा ठेवतो. शुद्ध इथेनॉलवर गाडी चालवायची तर त्याची गरज खरीच आहे, कारण तिथे लिटरच्या हिशेबात इंधन दीडपट लागते. ब्राझीलमध्ये १९७९पासून इथेनॉलवरच्या गाड्या विकल्या जातात, पण त्यांची इंजिने कंपन्यांनीच त्यासाठी बनवलेली. आपल्याकडे २० टक्क्यांच्या मिश्रणाला गाडीचा ऑक्सिजन सेन्सरच पुरतो. ब्लूटूथचा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) लावून पाहिले : ई-१०च्या मानाने फ्युएल ट्रिम, म्हणजे सेन्सर पाहून संगणकाने इंधनात केलेली वाढ, चार-पाच टक्के वर गेला आणि तिथेच थांबला. डबा घेतला नाही.

पैसे घातले ते रबरात. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे होज पाइप, ओ-रिंगा, पंपाचे सील, फिल्टर. जुने नायट्राइल रबर इथेनॉलने फुगते, मग कडक होऊन तडकते. मेकॅनिकने उतरवलेला पाइप बोटाने दाबला तर चरे दिसत होते. नवे पाइप फ्लोरोइलॅस्टोमर (इथेनॉलला टिकणारे रबर) थराचे घ्या. दुकानदार 'तेच ते' म्हणून साधा पाइप देतो, तेव्हा पाइपावरचा छाप वाचूनच पैसे द्या. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल गळणे ही गंमत नव्हे.

फिल्टर मात्र दोनदा बदलावा लागला. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते आणि तो पुढे फिल्टरमध्ये येऊन बसतो. काही आठवड्यांतच चढावर गाडी मिसिंग मारायला लागली. दुसरा फिल्टर घातल्यापासून तक्रार नाही.

ॲव्हरेज पडला. १६ मिळायचा, आता १५ला थोडा कमी. यावर ट्यूनिंगचा उपाय सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, मग पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर सहा-सात टक्के जाणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी हाच आकडा आहे. इथेनॉलने ऑक्टेन (इंधनाची ठकठक रोखण्याची क्षमता) वाढल्याचा फायदा उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनाला. माझ्या गाडीला तो मिळत नाही. एक मात्र खरे, मे महिन्यात घाटात होणारी ठकठक कमी झाली.

गोव्यात खरी भीती पावसाळ्याची. इथेनॉल पाणी ओढते, पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पण बंद टाकीत हवेतून शिरणारी ओल फार हळू साठते. रोज फिरणाऱ्या गाडीला काही होत नाही. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणाऱ्यांनी टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी शिरण्याची शक्यता मला जास्त वाटते, म्हणून मोठ्या पावसानंतर मी अनोळखी पंपावर टाकी फुल करत नाही.

गॅरेजात एकाने विचारलेच, "पात्रांव, मग फेणी का नको?" फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. गाडी तर बंद पडेलच, वर फेणी वाया.

कार्ब्युरेटरच्या जुन्या स्कूटरवाल्यांनी माझे ट्रिमचे आकडे बाजूला ठेवावेत. तिथे सेन्सर नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते) आणि इंजिन तापते. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले इंधनाचे छिद्र, थोडा मोठा घालावा लागतो. चतुर्थीला गावी जाताना स्कूटर आठवडाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा.