माझदा एमएक्स-५ चे ब्रेक घरी अपग्रेड केल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

गाडी दुसऱ्या पिढीची, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात बनलेली एमएक्स-५, १.८ लिटर, इंग्लंडमधली. बदललेल्या वस्तू चार: पुढचे-मागचे फास्ट-रोड पॅड (रस्त्यावरच्याच, पण जास्त उष्णता सोसणाऱ्या), मूळ मापाच्याच नव्या डिस्क, स्टीलची जाळी असलेले ब्रेक होज (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या) आणि एटीई टाइप २०० ब्रेक ऑइल. रोजचा रस्ता, मीठ टाकलेल्या रस्त्यांचा अख्खा हिवाळा आणि अधूनमधून ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवण्याचा दिवस), या सगळ्यांतून हे सामान गेलं आहे. माझदाने ही गाडी भारतात विकली नाही, आपल्याकडे हे नाव लोकांना स्वराज माझदाच्या टेंपोमुळेच माहीत. पण खाली लिहिलेलं बरंचसं डिस्क ब्रेकच्या कुठल्याही गाडीला लागू पडतं.

मत आधीच सांगतो. या गाडीला मोठ्या कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर) बिग ब्रेक किट लागत नाही. ड्रायव्हर धरून वजन साधारण ११५० किलो. ताशी १६० वरून ८० वर येताना ब्रेकला सुमारे ८५० किलोज्यूल उष्णता पचवावी लागते, आणि इंजिनाची मूळ ताकद तेवढीच असेल तर २५५ मिमीच्या मूळ पुढच्या डिस्क ती पचवतात. कमी पडतात ते पॅड आणि ऑइल. टर्बो बसवला किंवा चिकट ट्रॅक टायर घातले, तर गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा २००१ नंतरच्या स्पोर्ट मॉडेलचे २७० मिमी पुढचे आणि २७६ मिमी मागचे ब्रेक हा जास्त शहाणा पर्याय आहे.

खर्च करण्याआधी आपला ब्रेक नेमका कुठे हरतोय ते ओळखा. पेडल कडक आहे, पाय जोरात रोवलाय, तरी गाडी पुढेच जातेय, म्हणजे पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला. पेडल मऊ पडून खाली जातंय आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतंय, म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफ झाली. पहिल्या दुखण्यावर नवं ऑइल कामाचं नाही, दुसऱ्यावर महागडे पॅड कामाचे नाहीत.

ऑइलपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या दर्जाचा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १५५. टाइप २०० चे हेच आकडे २८० आणि १९८. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढणाऱ्या गाड्यांना वर्ष-दोन वर्षांत बदल करावाच लागतो. डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ चालतं. नाव सारखं दिसतं म्हणून दुकानात गफलत होते.

पूर्ण बदलायला एक लिटर पुरतं. जुनं ऑइल आणि हवा एकेका चाकाकडून काढायची. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. दोघांनी पेडल मारून हवा काढणार असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन त्याच्या पुढच्या भागात कधी जातच नाही, तिथे गंज आणि काट साचलेला असतो. पेडल पार खाली दाबलं की सीलची कड त्या खरखरीत भागावर घासते. मग नवं ऑइल भरल्यानंतर आठवड्याभरात पेडल हळूहळू खाली बसायला लागतं आणि दोष ऑइलला दिला जातो. टाकी रिकामी होऊ देऊ नका. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो.

होजबद्दल खरं सांगायचं तर स्टीलच्या जाळीचं कौतुक जरा जास्तच होतं. पेडल घट्ट झालं हे नक्की, पण त्यातला मोठा वाटा वीस वर्षांचं रबर निघून गेल्याचा आहे. नवे मूळ रबरी होज घातले असते तरी बराचसा फरक जाणवला असता. जुनं रबर आतून फुगतं, वाट अरुंद होते आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतात. हे मात्र बाहेरून दिसत नाही.

बसवताना खरी कसोटी आहे ती लोखंडी पाइपवरच्या १० मिमीच्या नटाची. इंग्लंडच्या मिठाने तो नट पाइपलाच धरून बसतो. साध्या पान्याने कोपरे गोल होतात, जोर लावला तर नटाबरोबर पाइपही पिळतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, फ्लेअर नटचा खास पानाच (नटाला जवळपास चहूबाजूंनी धरणारा) वापरा आणि होजची बाजू दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तरी हलला नाही तर पाइप तुटणार हे धरूनच चला. कॉपर-निकेलचा नवा पाइप हाताशी असल्याशिवाय शेवटचा जोर लावू नका. कॅलिपरकडच्या बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर लागतात. जुने वॉशर चेपलेले असतात, ते हमखास पाझरतात. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, २२ ते २९ न्यूटन-मीटर. नंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक लटकत असताना होज कुठे ताणला जातोय का, टायरला लागतोय का, ते डोळ्यांनी बघा.

मागच्या कॅलिपरवर अनेक जण फसतात. हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच आहे, त्यामुळे सी-क्लँपने दाबून पिस्टन आत ढकलला की ती मोडते. कॅलिपरच्या मागे १४ मिमीचा एक बोल्ट दिसतो, तो काढला की आत ४ मिमी ॲलन कीचा स्क्रू सापडतो. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पिस्टन आत जातो. पॅड बसल्यावर घड्याळाच्या दिशेने, पॅड डिस्कला टेकून चाक अडेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. त्यानंतरच हँडब्रेकची केबल. आधी केबल ताणली तर लिव्हर ठीक लागतो, पण पॅड सतत घासत राहतात आणि मागची चाकं हात लावता येणार नाही इतकी तापतात. इंग्लंडच्या एमओटीमध्ये (गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी) हँडब्रेकची किमान क्षमता १६ टक्के आणि या वयाच्या गाडीच्या मुख्य ब्रेकची ५० टक्के लागते. या गाड्या अडतात त्या बहुतेक हँडब्रेकवर, आणि कारण बहुधा हाच नीट न जुळवलेला स्क्रू.

डिस्क बसवण्याआधी हबचा, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या भागाचा, चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क केसभर तिरकी बसते आणि काही शे किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. पुढची डिस्क नवी असताना २० मिमी जाड, १८ वर आली की बाद. स्लायडर पिनांना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिरॅमिक ग्रीसच लावा. गाडीच्या साध्या ग्रीसने आतलं रबर फुगतं, पिन अडकते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. चाकाचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हात घालू नका, स्टँड लावल्याशिवाय चाक काढायचंच नाही.

पॅडचं नाव मुद्दाम देत नाही, कंपाउंड, म्हणजे पॅडच्या घर्षण-मालाचं मिश्रण, कुठलं ते बघा. पुढे-मागे एकाच कंपाउंडचे घ्या. फक्त पुढे जहाल पॅड घातले की पुढची चाकं आधी लॉक होतात आणि मागचे ब्रेक नावापुरते उरतात. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून गार करा. तापलेल्या पॅडने उभी गाडी धरून ठेवली तर त्या जागी पॅडचा थर छापला जातो. ‘डिस्क वाकली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

महिन्यांनंतरचा हिशोब असा. ट्रॅकवर पेडल शेवटच्या फेरीपर्यंत तसंच वर राहतं, आणि याचसाठी हा खटाटोप केला होता. किंमतही मोजावी लागते: सकाळी गार पॅड पहिल्या एक-दोन ब्रेकला मंद असतात, कमी वेगात किंचाळतात, आणि त्यांची काळी धूळ चाकावर ओली राहिली की गंजाचे ठिपके पडतात, म्हणून दर आठवड्याला चाकं धुवावी लागतात. गाडी फक्त ऑफिस-बाजारासाठी असेल तर चांगले साधे पॅड घ्या, हे घेऊ नका. हिवाळा संपल्यावर मागच्या डाव्या कॅलिपरची पिन मिठाने जड झालेली निघाली. त्यामुळे मार्चमध्ये पिना काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावणं हे दरवर्षीचंच काम समजा. विमा कंपनीला पॅड आणि होजचा बदल लेखी कळवा, क्लेमच्या वेळी तो दडवलेला निघाला तर महागात पडतं.

बाटलीत उरलेलं ऑइल ठेवून देऊ नका, उघडल्यावर तेही ओलावा ओढतं. क्लचची टाकी वेगळी आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. त्याच दिवशी ते ऑइल तिथे वापरा, आणि वाकलेलेच आहात तर गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (क्लच ढकलणारा सिलिंडर) रबर मागे सारून बघा. आत ओल दिसली तर तो सिलिंडर लवकरच जाणार.