तोलाची तलवार घेताना मी काय बघितलं (आणि पहिल्या वेळी काय बघितलं नाही)

मी बेली डान्स शिकते, त्यात तलवार डोक्यावर तोलून नाचायचा एक प्रकार असतो, ही तलवार त्यासाठीची. सरळच सांगते, ही माझी दुसरी तलवार आहे. पहिली फोटो बघून मागवली होती. मुठीवर नक्षी, चकचकीत पातं, लाल गोंडा, सगळं होतं, फक्त ती डोक्यावर राहायची नाही. दोन महिने मला वाटत होतं की माझीच मान हलतेय, पोश्चर खराब आहे, आणि रोज आरशासमोर रडकुंडीला येईपर्यंत सराव केला. मग एक दिवस क्लासमधल्या मैत्रिणीची तलवार सहज उचलून डोक्यावर ठेवली आणि ती बसली! अशी बसली की मी शिमी (अंग भराभर थरथरवायची हालचाल) सुरू केली तरी जागची हलेना. घरी येऊन पहिली तलवार नीट तपासली तेव्हा कळलं की ती भिंतीवर लावायची शोभेची वस्तू होती. मूठ हलवली की आत खुळखुळ आवाज यायचा, कारण पात्याचा जेमतेम बोटभर बारीक भाग मुठीत गेला होता. मूठ सैल असली की प्रत्येक हालचालीला वजन सरकतं, मग तोल कुठून राहणार.

आता जी वापरतेय ती खास डान्ससाठी बनवलेली आहे, बाकदार, बोथट, लांबी 85 सेंटीमीटर आणि वजन 750 ग्रॅम. सहा महिने झाले, आठवड्यातून चार दिवस वापरते.

सगळ्यात आधी वजनाबद्दल, कारण इथेच नवीन मुली फसतात. हलकी तलवार सोपी असेल असं वाटतं ना? उलट असतं. माझी पहिली 400 ग्रॅमची होती आणि श्वास घेतला तरी थरथरायची. जड वस्तू हलायला वेळ घेते त्यामुळे डोक्याची बारीकसारीक हालचाल ती पचवते, आणि शिवाय वजन जाणवतं म्हणून ती कुठे झुकतेय हे टाळूलाच कळतं, बघावं लागत नाही. पण म्हणून किलोभराची घेऊ नका, मानेवर ताण येतो आणि तीन-चार मिनिटांचं गाणं करायचं म्हणजे सराव त्याच्या दहापट होतो हे लक्षात ठेवा. मान आधीच दुखत असेल तर आधी पुस्तक ठेवून सवय करा.

आता तोलाचा बिंदू. तलवार एका बोटावर आडवी धरायची आणि जिथे ती सरळ राहते तिथे पेन्सिलने खूण करायची. लढाईच्या तलवारीत हा बिंदू मुठीच्या अगदी जवळ असतो, हातात चपळ वाटावी म्हणून, पण डोक्यावर ठेवली की एका बाजूला थोडंसं आणि दुसऱ्या बाजूला भलं मोठं पातं असं दिसतं. डान्सच्या तलवारीत बिंदू मधल्या बाजूला सरकवलेला असतो. माझ्या तलवारीचं पातं टोकाकडे रुंद होत जातं, मला आधी ती फॅशन वाटली होती, पण ते जास्तीचं लोखंडच बिंदू पुढे ओढतं. मुठीच्या शेवटापासून 36 सेंटीमीटरवर येतो. अगदी मध्यावर नाही, पण स्टेजवरून डोळ्याला खटकत नाही.

बाक कशासाठी तेही सांगते. तलवार डोक्यावर तिच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूवर ठेवली, टोक आणि मूठ दोन्ही खाली झुकलेली, की वजन टेकलेल्या जागेच्या खाली जातं आणि ती आपोआप सावरते, झुल्यासारखी. धारेची बाजू खाली ठेवली की टोकं वर जातात, दिसायला फार सुंदर, पण वजन वर गेल्यामुळे ती पडायला बघते. मी अजून पहिल्याच प्रकारात फ्लोअरवर्क (जमिनीवर बसून-झोपून करायच्या हालचाली) करते, दुसऱ्यात फक्त चालते आणि हळू फिगर एट, म्हणजे कमरेने इंग्रजी आठचा आकडा, करते.

घसरण हा वेगळाच विषय. गुळगुळीत पॉलिश केलेलं पातं धुतलेल्या केसांवर टिकत नाही, आणि गिरकी घेताना तर डोकं फिरतं आणि तलवार मागेच राहते, कारण एवढ्या लांब वस्तूला फिरायला वेळ लागतो. माझ्या तलवारीला पाठीवर बिंदूच्या जागी कानशीने थोडं खरबरीत केलेलं आहे, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्यावर मधमाशीचं मेण चोळते आणि डोक्याला सुती स्कार्फ घट्ट बांधते, अंबाडा मागे खाली, टाळूवर अजिबात नको. गिरकी हळू सुरू करून मग वेग वाढवायचा. तुमच्या तलवारीला खरबरीत जागा नसेल तर स्वतः करता येते, पण आधी पेन्सिलची खूण दहादा तपासा, एकदा घासलं की घासलं.

तक्रारीही आहेत. धार बोथट असली तरी कडेला बारीक कुसळं राहिली होती, दोनदा केस ओढले गेले, शेवटी पॉलिश पेपरने साफ केली. मुठीची चामड्याची पट्टी चौथ्या महिन्यात सुटायला लागली. आणि हे कार्बन स्टील आहे, घामाच्या हाताने धरून तशीच ठेवली तर दोन दिवसात गंजाचे ठिपके, त्यामुळे प्रत्येक वेळी पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. स्टेनलेसची घेतली तर हा त्रास कमी.

एक मात्र मनापासून सांगायचंय. विकणारे "अस्सल प्राचीन इजिप्शियन नर्तकींची तलवार" वगैरे लिहून जास्त पैसे मागतात. डोक्यावर तलवार घेतलेल्या नर्तकी 19व्या शतकातल्या जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत दिसतात, पण आज स्टेजवर जो तलवारीचा नाच आपण करतो तो लोकप्रिय झाला अमेरिकेत, 1968 मध्ये जमीला सलीमपूर यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बल अनात या ग्रुपमुळे. मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे. म्हणून तलवार नवी असली, कारखान्यातली असली तरी काही बिघडत नाही, तोल बघा.

ऑनलाइन घेणार असाल तर विकणाऱ्याला तीन गोष्टी लिहून विचारा: नेमकं वजन, बोटावर तोललेला फोटो, आणि पातं मुठीत किती आत गेलंय. माझ्या पहिल्या विक्रेत्याने तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच दिलं नव्हतं आणि मी तरीही घेतली. दुसऱ्याने मूठ उघडून फोटो पाठवला. आणि हो, विमानाने कार्यक्रमाला जाणार असाल तर ती केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानातच टाकावी लागते, तेव्हा 85 सेंटीमीटर मावेल अशी बॅग आधीच शोधून ठेवा. माझ्या बॅगेत ती तिरकीसुद्धा मावत नव्हती.