सुई उत्तम, डबी घातक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सूक्ष्मदर्शकात नमुन्यावर टेकवायच्या या अतिसूक्ष्म सुयांच्या टोकाची त्रिज्या, मुलामा, कंपनसंख्या माहितीपत्रकात आहेच, ते पुन्हा लिहीत नाही. मला बोलायचंय ते डबीबद्दल.

माझं काम असं: कॅल्शियम फ्लोराइडवर सोन्याच्या साधारण ३ मायक्रोमीटर लांबीच्या दोन पट्ट्या टोकाला टोक लावून ठेवायच्या, मधली फट कमी करत जायची आणि त्यांच्यातली जोडणी, म्हणजे एकीतली कंपनं दुसरीला किती जाणवतात ते, सुईखाली अवरक्त प्रकाशात मोजायची. फटीतून उष्णता कशी जाते हे त्यातून शोधायचंय. तिसऱ्या महिन्यात वर्णपटातल्या शिखराचे स्वच्छ दोन तुकडे दिसले. प्रबळ जोडणी मिळाली असं समजून मी सुयांना पाच तारे देऊन टाकले.

पण फट बदलली तरी मधली खाच हलेना. जोडणी खरी असती तर फट कमी होताना दोन शिखरं एकमेकांपासून दूर सरकायला हवी होती. ही खाच मात्र १२६० प्रतिसेंटीमीटर या तरंगसंख्येलाच (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरी) ठाण मांडून. शेवटी नुसत्या सोन्याच्या सपाट पत्र्यावर सुई टेकवली. तिथं काहीच दिसायला नको, तर तिथंही १२६० हजर!

ही सिलिकोनची खूण. सुया येतात त्या डबीतल्या चिकट जेलवर बसून, आणि जेलमधले सुटे रेणू सरपटत थेट टोकापर्यंत जातात. नमुन्याची ज्याच्याशी तुलना करायची ते संदर्भाचं मोजमाप मी जुन्या सुईने घेतलेलंच वापरत होतो, म्हणून हे आधी पकडलं गेलं नाही. ती काटकसर चुकीची होती.

सुया फेकायला जीव होईना. आधी ओझोनमध्ये ठेवल्या. तसं करू नका: सिलिकोन जात नाही, त्याची काच होते आणि ती टोकावरच बसते. हेक्झेन या द्रावकात बुडवून ठेवल्यावर मात्र सोन्यावरची खूण गेली. इथे माझं मत पुन्हा बदललं, सुई खरंच चांगली आहे. रोज वापरूनही टोक टिकतं.

एवढा त्रागा का, तर खोलीच्या तापमानाला उष्णताकिरणांचा जोर १० मायक्रोमीटरच्या आसपास असतो आणि १२६० म्हणजे ७.९ मायक्रोमीटरची तरंगलांबी. म्हणजे फटीतून उष्णता कशी जाते हे शोधायच्या जागेतच ही घाण बसलेली. शिखर खरोखर दुभंगलंय की नाही यावर सगळं अवलंबून आहे: जोडणी क्षयापेक्षा (पट्टीतली ऊर्जा विरून जाण्याच्या वेगापेक्षा) कमी असेपर्यंत ती वाढवली की उष्णतेचा ओघ झपाट्याने वाढतो. क्षयाच्या पुढे गेली, म्हणजे प्रबळ झाली, की ऊर्जा दोन पट्ट्यांत हेलकावत राहते आणि ओघाला मर्यादा क्षयच घालतो. फट आणखी बारीक करून तिथं फारसं हाती लागत नाही.

विक्रेत्याला तीनदा लिहिलं, जेलऐवजी यांत्रिक पकडीची डबी द्या म्हणून. उत्तर आलं, 'कोरड्या जागी ठेवा.' एक तारा त्यासाठी कापलाय.

धुतलेल्या सुईने आता २० नॅनोमीटरच्या फटीवर शिखराला खांदा, म्हणजे बाजूला फुगवटा, दिसतो, ५० वर तो शिखरात विरतो. फटीबरोबर हलतो, म्हणजे तो पट्ट्यांचाच. दोन शिखरांतलं अंतर अजून त्यांच्या रुंदीपेक्षा कमी आहे, त्यामुळे प्रबळ जोडणी म्हणत नाही. १० नॅनोमीटरची फट पुढच्या नमुन्यावर.